दहा माणसांची यादी

शेजारच्या काकांना मी तीन वर्षं बायबल वाचून दाखवलं. मी ख्रिस्ती नाही, आणि काकाही नाहीत. काका बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. पण किती पिढ्यांपासून इथले ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या पूर्वजांना आमच्याकडे शनिवार तेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. बायबलचा जुना, पहिला भाग हा त्यांचा धर्मग्रंथ. काकांच्या घरी त्याची मराठी प्रत होती आणि काकांची मराठी आमच्यासारखीच, 'नाय' आणि 'हाय'वाली. अडचण डोळ्यांची होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा काकींनी मला हाक मारली आणि पंधरा दिवस रोज एक अध्याय वाचशील का, असं विचारलं. दुसऱ्या डोळ्याचा पडदा कमजोर निघाला. पंधरा दिवसांची तीन वर्षं झाली. मधल्या काळात काकी गेल्या.

मी रोह्याच्या एका केमिकल कंपनीत स्टोअर्सला आहे. पिंपं, पोती, व्हॉल्व्ह, हातमोजे यांची मोजदाद करणं हे माझं काम. राहतो पेणला. बावीस वर्षं मोजतो आहे आणि माझा साठा कधी चुकलेला नाही. हे वाक्य मी पूर्वी लोकांना फार वेळा ऐकवत असे. हल्ली ऐकवत नाही. ते का, हेच सांगायचं आहे.

वाचनाच्या पहिल्याच आठवड्यात नोहाचं तारू आलं. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. मी थांबलो आणि मनात गुणाकार केला. हात म्हणजे दीड फूट धरला तर साडेचारशे फूट लांब.

"काका, आपल्या गल्लीत मावणार नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलपासून पार तळ्यापर्यंत जाईल."

"तुला बांधायचं हाय का?" काका म्हणाले. "नाय ना? मग पुढं वाच."

आतून काकी म्हणाल्या, "वाचू द्या हो त्याला सावकाश. तुमच्यासारखं नाय, तो समजून वाचतो." या एका वाक्याने माझं डोकं फिरलं, असं माझ्या बायकोचं मत आहे.

आकड्यांवरून मी शब्दांवर घसरलो. 'आमेन' या शब्दाशी अडलो आणि काकांना अर्थ विचारला. ते म्हणाले, "आमेन म्हणजे आमेन." मला ते पटेना. शोधलं, तर त्या हिब्रू शब्दाच्या मुळात पक्कं, भरवशाचं असा अर्थ निघाला, आणि अरबीत त्याच मुळाचे भाऊबंद म्हणजे आपल्याकडे आलेले 'इमान' आणि 'अमानत'. हिब्रू आणि अरबी या एकमेकींच्या चुलत बहिणी. त्यातली अरबी फारसीचा हात धरून आपल्याकडे आली आणि राहून गेली. एवढं कळल्यावर मी वही केली. चार रकाने: शब्द, मूळ, अर्थ, आणि चौथा रकाना खात्रीचा, टक्क्यांत. आमेन आणि इमान, शंभर. 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिलेलं. त्याच्या मुळात जवळ जाणं असा अर्थ आहे आणि हिंदीतला 'करीब' त्याच घरातला, पंच्याण्णव. आपला 'आबा' आणि बायबलातला 'अब्बा' एकच, नव्वद. हे शेवटचं मी आमच्या कॉलनीतल्या निवृत्त संस्कृत शिक्षिकेला अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, जगभरची तान्ही पोरं तोंड उघडून मिटतात तेव्हा असेच आवाज येतात." नव्वदाचे दहा केले. खाडाखोड दिसू नये म्हणून ते पान नव्याने लिहिलं.

सकाळच्या गाडीत पेण सुटल्यापासून कासू येईपर्यंत माझा एक शब्द सांगून होत असे. शेजारी बसणारा सहकारी महिनाभर सोसत होता. मग एके दिवशी बसता बसताच म्हणाला, "भाऊ, आज नागोठण्यापर्यंत मौन. पुढचं पुढं बघू." घरीही फार कौतुक नव्हतं. कोथिंबीर हा शब्द कुठून आला असेल, असं मी एकदा जेवताना म्हणालो, तर बायको म्हणाली, "वाशीहून. आणि महाग आली. जेवा आता."

यंदा काकींचं दुसरं वर्ष. आणि यंदाच काकांचं पेणचं घर विकलं गेलं. मुलगी ठाण्याला असते, ती त्यांना घेऊन जाणार होती. काकांनी मला बोलावलं तेव्हा निम्मं घर खोक्यांत गेलं होतं. ते खाटेवर बसले होते.

"तिचं वरीस रविवारी येतंय," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी मी इथं नाय. मशिदीत कद्दीश म्हणायचीय. आमचं लगीन तिथंच लागलं. एवढं झालं की मी गाडीत बसायला मोकळा."

मशीद म्हणजे त्यांचं सिनेगॉग. काकांच्या पिढीचे लोक घरात मशीदच म्हणतात. सिनेगॉग हा शब्द पाहुण्यांसाठी. कद्दीश ही गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना. तिचा मराठी अर्थ मी आधीच वाचला होता आणि चकित झालो होतो, कारण तिच्यात मरणाचा शब्दसुद्धा नाही. देवाची थोरवी आहे, शांती मागणं आहे, बस. पण ती एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षांवरचे दहा ज्यू पुरुष हजर लागतात. नऊ चालत नाहीत. नऊ आणि एक शेजारी हेही चालत नाही. या दहांच्या मेळ्याला 'मिनियान' म्हणतात.

"मिनियान म्हणजे मोजणीच," मी म्हणालो. शब्द मला ठाऊक होता, त्याचा मला फार आनंद झाला. "बायबलातल्या त्या राजाच्या भिंतीवर बोटं उमटतात आणि लिहितात ना, मोजलं, मोजलं, तोललं? तिथलं 'मने', म्हणजे मोजलं, आणि हे मिनियान एकाच मुळाचं. शंभर टक्के."

"तू शंभर टक्के कर, मला दहा मानसं कर," काका म्हणाले. "गेल्या वर्षी मीच फोन केले. औंदा नंबर दिसत नाय नि आवाजबी चढत नाय."

पेण-रोह्याकडे आता या समाजाची घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. बाकीचे मुंबईला, ठाण्याला, इस्रायलला. दहा पुरुष जमवायचे म्हणजे पनवेलपासून रोह्यापर्यंत हात मारावा लागतो. मी म्हणालो, "काका, हे काम माझ्यावर सोडा. मोजण्यातच जन्म गेलाय माझा."

वही उघडली तर काका म्हणाले, "पन मानसं मोजायची नसतात हां. दावीद राजानं शिरगणती केली नि मरी आली. माझा बाप दहा शब्दांची एक ओळ म्हणायचा, एकेका मानसावर एकेक शब्द. ओळ पुरी झाली की मानसं पुरी. आकडा तोंडातून काढायचा नाय."

हे ऐकून मी जागचा उठलो. कारण आमच्यातही हेच आहे. गागोद्याकडे आमचं थोडं शेत आहे, चुलते बघतात. खळ्यावर पायलीने भात मोजताना ते पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. एक म्हटलं तर एकावरच राहील, म्हणून. कुठे पॅलेस्टाइन, कुठे गागोदे, आणि मोजणीची भीती सारखीच! मी काकांना हे सगळं सांगितलं. त्यांना पटल्यासारखं दिसलं, निदान ते जांभई देईपर्यंत.

"मग असं करतो," मी म्हणालो, "यादीत पहिल्या आकड्याच्या जागी लाभ लिहितो. दोन्हीकडचा मान राहील."

"काय लिवायचं ते लिव बाबा. पन मानसं आन."

मी पट्टीने रकाने आखले: नाव, गाव, कशाने येणार, किती वाजता, जेवणार का. पहिल्या ओळीत ठळक अक्षरात 'लाभ' लिहिलं. काका पहिलं नाव आठवत होते. ते आठवेपर्यंत रिकामं कशाला बसायचं म्हणून मी खालच्या ओळींना दोन, तीन, चार असे दहापर्यंत आकडे घालून ठेवले. मग नावं आली. पेणचे दोन, एक घड्याळं दुरुस्त करणारे आणि एक बँकेतले. पोयनाडकडचे दोन. रोह्याचे दोन. पनवेलचे दोघे भाऊ.

"किती झाले?" काकांनी विचारलं.

मी शेवटच्या नावासमोरचा आकडा पाहिला. "नऊ."

"मग दहावा मी. झालं." मग म्हणाले, "रोह्याचा तो कंपनीतला राहिला. पन त्याला शिफ्ट असते. त्याला कशाला तरास?"

"नकोच," मी म्हणालो. "दहा पुरे झाले, उगाच जास्तीचा साठा कशाला?"

घरी येऊन यादी तपासली. वरून खाली: लाभ, दोन, तीन, दहापर्यंत. मग खालून वर: दहा, नऊ, आठ, लाभ. दोन टोकांकडून मोजायचं ही स्टोअर्सची पद्धत. तिने मला कधी दगा दिला नव्हता. अर्थात स्टोअर्समध्ये मी पिंपांच्या यादीत लाभ लिहीत नाही.

रविवारी नऊला प्रार्थना. मी साडेआठलाच डोक्याला रुमाल बांधून दाराशी यादी घेऊन उभा राहिलो. पोयनाडचे दोघे रिक्षाने आले, खूण केली. रोह्याचे दोघे गाडीने, खूण. पनवेलचे भाऊ उतरता उतरताच म्हणाले, "आम्हाला दुपारी निघायचंय हां, भाचीचा साखरपुडा हाय." खूण. घड्याळवाले, बँकवाले, मग मुलीचा हात धरून काका. काका पांढरा शर्ट घालून आले होते, वरचं बटण लावलेलं. सव्वानऊ झाले.

"आले सगळे?" बँकवाल्यांनी विचारलं.

"एकजण राहिलेत," मी म्हणालो. वहीत एका ओळीपुढे खूण नव्हती.

"कोन?"

"पहिल्याच ओळीतले," मी म्हणालो आणि नाव वाचायला वही वर धरली.

त्या क्षणाचं वर्णन मला नीट करता येणार नाही. वाचता मात्र आलं. मी वाचलं, "लाभ."

"लाभ कोन?" घड्याळवाले म्हणाले. "आपल्यात असं नाव नाय."

"कुठून येतोय?" पनवेलच्या थोरल्याने विचारलं.

गावाचा रकाना रिकामा होता. जेवणार का, तोही. मग मी हळू आवाजात खळं सांगितलं, पायली सांगितली, चुलते सांगितले. पहिली पायली लाभ म्हणतात खरी, पण तिच्यात भात असतो. माझी रिकामी होती. मग पनवेलचा धाकटा भाऊ असा हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

काका हसले नाहीत. बाकावर बसून त्यांनी विचारलं, "म्हंजे नऊच?"

"नऊच, काका."

"मी तुला म्हनलं व्हतं, मोजू नको."

मी वही मिटली. काकांच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. ती लहानपणी आमच्या अंगणात खेळलेली, एरवी मला दादा म्हणते. म्हणाली, "सोमवारी टेम्पो सांगितलाय हो." एवढंच म्हणाली.

बँकवाल्यांनी तोड काढली. सकाळची प्रार्थना दहांशिवाय जेवढी होते तेवढी करून घ्यायची. दुपारची प्रार्थना साडेबारानंतर करता येते. तोवर दहावा मिळाला तर कद्दीश तेव्हा. रोह्याच्या त्या शिफ्टवाल्याचा नंबर मिळाला. मी बाहेर येऊन फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला.

"नाइट करून आत्ताच झोपलेत. काय काम हाय?"

मी सांगितलं. लाभाचं काही सांगितलं नाही, फक्त एक माणूस कमी पडतोय म्हणालो.

"कुनाची कद्दीश?"

मी काकींचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांनी माझ्या लग्नात मेंदी लावली व्हती मला. ठेवा फोन. उठवते."

रोहा ते पेण, मोटारसायकलवर, रस्त्याचं काम चालू असताना, झोप नसलेला माणूस: मी मनात दीड तास धरला आणि पुढे अर्धा तास जास्तीचा. तोवर नऊ जणांना इथेच थांबवायचं होतं. माझ्या बायकोने घरून पोह्यांचं पातेलं आणून दिलं. झालेला प्रकार तिला दारातच कळला. ती म्हणाली, "अहो, बावीस वर्षं ते कंपनीवाले तुम्हाला पगार कसला देतात?" आणि डिश वाटायला लागली.

साडेअकराला पनवेलचे भाऊ घड्याळ बघायला लागले. काकांनी ते न दिसणाऱ्या डोळ्यांनी पाहिलं असावं. म्हणाले, "अरे ए, तू इथं ये. तीन वर्षं मला शब्द सांगून सांगून पिळलास. आता यांना सांग. चूक तू केलीस, तूच यांना धरून ठेव."

आयुष्यात पहिल्यांदा मला श्रोते मिळाले आणि ते अडकून पडलेले होते. मी आमेनपासून सुरुवात केली. कुर्बान सांगितलं. मग म्हणालो की आपला 'हिशेब' अरबीतून आला, आणि हिब्रूतला हिशेबाचा शब्द 'हेश्बोन' त्याच मुळाचा.

"हिशेब कोन सांगतंय बघा!" पनवेलचा धाकटा म्हणाला.

"बोला बोला," घड्याळवाले म्हणाले, "याच्यापुढचा शब्द 'लाभ' घ्या. खात्री किती टक्के?"

चेष्टा सुरू झाली तसे ते सैल झाले. रोह्याच्या एकाने आजोबांचे शब्द आठवून सांगितले, पोयनाडच्याने त्याला खोडून काढलं, दोघे भांडले. पनवेलचा थोरला उठला होता तो वाद मिटवायला परत बसला. माझ्या वहीतले शब्द बाराच्या आतच संपले होते, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. साडेबाराला थोरल्याचा फोन वाजला. "येतोय, येतोय," तो म्हणाला, "इथं एक माणूस यायचाय, तो आल्याशिवाय नाय उठता येत. अंगठी घाला तुम्ही, फोटोत नंतर उभे राहतो."

एकला दहा कमी असताना मोटारसायकल वाजली. उंच, चाळिशीचा, कंपनीचाच निळा शर्ट, डोळे लाल. हेल्मेट काढून त्याने टोपी घातली आणि काकांच्या पाया पडला. काकांनी त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, कोण ते ओळखायला.

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. प्रार्थना माझ्या अंदाजापेक्षा भराभर झाली. मग काका उभे राहिले. मुलीने हात सोडला. कद्दीश त्यांना पाठ आहे, पण चौथ्या-पाचव्या शब्दाशी ते थांबले. मी पुढे झुकलो. तीन वर्षं त्यांना पुढचा शब्द मीच वाचून देत आलो होतो. सवयीने तोंड उघडलंसुद्धा. मला ती प्रार्थना येत नव्हती. मला तिचा अर्थ येत होता, मुळं येत होती, ती कुठल्या भाषेतली आहे तेही ठाऊक होतं. पुढचा शब्द नाइट करून आलेल्या माणसाने दिला, हळूच, जणू काकांनाच आठवलाय असा. काका पुढे गेले. अजून एकदा अडखळले, तेव्हा घड्याळवाल्यांनी दिला. शेवटी सगळे मोठ्याने आमेन म्हणाले. मीही म्हणालो, जरा उशिरा.

पनवेलचे भाऊ पळतच गेले. शिफ्टवाला आमच्याकडे जेवला आणि जेवताजेवताच बैठकीच्या खोलीत आडवा झाला. बायकोने त्याच्यावर पंखा लावला. मी काकांना घरी सोडायला गेलो. खोकी बांधून झाली होती. बायबल बाहेर ठेवलेलं होतं, सकाळी प्रवासात हातात असावं म्हणून.

"काका, माफ करा," मी म्हणालो.

"झाली ना? मग कसली माफी?" ते खाटेवर बसले आणि वरचं बटण काढलं. "तिकडं ठाण्याला बरं हाय. मोठी मशीद हाय जावयाच्या घराजवळ. रोज तीस-चाळीस मानसं येतात म्हने. कुनाला फोन करायला नको, यादी नको. जाऊन उभं राह्यचं, झालं."

"छानच," मी म्हणालो.

खरं तर मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण पायऱ्या उतरताना मला कामावरून काढून टाकल्यासारखं वाटत होतं. आणि कामात चूक केलेल्या माणसाला तसं वाटायचा हक्क किती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.